इंदूरहून मुंबई: तिकीट सोडून किती पैसे लागतात? आपापले अनुभव लिहा

मालवी सून

परवा शेजारच्या काकू विचारायला आल्या. मुलाला मुंबईत नोकरी लागली आहे, पुढच्या आठवड्यात निघायचंय. "ताई, हाती किती पैसे देऊ?" मी पटकन म्हणून गेले, तिकीट आणि वर दोन हजार. त्या गेल्या आणि मला चैन पडेना. घरखर्चाची वही मी रोज लिहिते, म्हणून गेल्या मार्चची पानं काढली. नणंदेच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघं मुलुंडला गेलो होतो. थर्ड एसीची जायची-यायची तिकिटं दोघांची मिळून ४,८०० च्या घरात. बाकीचा खर्च ९,३००, आणि यात आहेर धरलेलाच नाही. दोन रात्रींच्या लॉजचे ५,२००. मुंबई सेंट्रलहून मुलुंडला टॅक्सीचे साडेनऊशे, परतताना पुन्हा तेवढेच. उरलेले रिक्षा, हमाल, चहा-नाश्ता आणि पाण्याच्या बाटल्यांत गेले.

काकूंकडे जाऊन आधी सांगितलेला आकडा मागे घेतला. पण खरा आकडा कोणता, ते मलाही नीट सांगता आलं नाही. मुंबई आपल्याला सुटत नाही. कोणाचं औषधपाणी, कोणाची परीक्षा, कोणाचा व्हिसा, कोणाची लेक तिथे. आपली गाडी उज्जैन, नागदा, रतलाम, दाहोद, बडोदे, सुरत असा गुजरातचा वळसा घेऊन सव्वाआठशे किलोमीटर जाते. आग्रा-मुंबई रस्त्यानं तेच अंतर सहाशेच्या आत आहे.

तुम्ही कशासाठी गेलात, खरे किती लागले, कुठे अडलात, ते लिहा. काकूंच्या मुलालाच नाही, पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल.


परळच्या फेऱ्या

ताई, माझं कारण वेगळं आहे, तरी लिहितो.

२०२३ च्या दिवाळीनंतर पत्नीला कर्करोगाचं निदान झालं. इथल्या डॉक्टरांनी टाटाला जाऊन या म्हटलं. त्यानंतर दीड वर्षात आम्ही चौदा वेळा परळला गेलो. पहिल्या खेपेला काहीच ठाऊक नव्हतं. रुग्णालयाच्या जवळ हवं म्हणून दिवसाला २,८०० चं हॉटेल घेतलं आणि सहा दिवस राहिलो. रांगेत बऱ्हाणपूरचे एक गृहस्थ पुढे उभे होते. त्यांनी आमच्या हातातली हॉटेलची पावती पाहिली आणि म्हणाले, अहो, समाजसेवा विभागात जाऊन आधी विचारा. त्या एका वाक्यानं आमचं पुढचं वर्ष निभावलं.

तिथून दोन गोष्टी कळल्या. पहिली रेल्वेची सवलत. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. सेकंड एसीत दोघांनाही ५० टक्के. रुग्णालयाचा सहीशिक्क्याचा फॉर्म लागतो आणि तिकीट आम्ही दर वेळी काउंटरवर जाऊन काढलं. दुसरी गोष्ट राहण्याची. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. आम्ही धर्मशाळेत नाव लिहून ठेवलं, तिसऱ्या दिवशी जागा मिळाली. मग प्रत्येक खेपेला तिथेच. आसपासच्या खोल्यांत विदर्भातली, बिहारची, बंगालची माणसं. संध्याकाळी बायका एकमेकींचे रिपोर्ट वाचून दाखवायच्या. माझी पत्नी तिथे बंगाली बाईकडून मोहरीची भाजी शिकली, अजून घरी करते.

मुंबई सेंट्रलहून लोकलनं प्रभादेवीला उतरायचं आणि पूल ओलांडून परळला यायचं, असं सगळे सांगतात. धडधाकट माणसाचं पाच-दहा रुपयांत काम होतं. पण केमोनंतरच्या माणसाला जिना म्हणजे डोंगर. आम्ही एकदाच तो जिना चढलो. अर्ध्यात ती पायरीवर बसली. मागून लोंढा येत होता, मी हात पसरून उभा राहिलो. त्यानंतर कायम टॅक्सी.

परतीच्या प्रवासाची मला जास्त धास्ती असायची. खालचा बर्थ मिळाला तर निम्मी काळजी मिटते. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच. आम्ही एकदा मुलाचं नाव त्याच तिकिटावर घातलं आणि पत्नीला वरचा बर्थ आला. त्या रात्री एका तरुण मुलीनं स्वतःचा खालचा बर्थ दिला. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची चुटपुट अजून आहे.

आणि खर्च? भाडं, टॅक्सी, जेवण हे सगळं मी वहीत मांडू शकतो. माझं छोटं छपाईचं दुकान आहे, एकट्याचं. चौदा खेपा, दर खेपेला चार-पाच दिवस. म्हणजे साठेक दिवस शटर खाली. दोन जुनी गिऱ्हाइकं लग्नपत्रिकांसाठी दुसरीकडे गेली. त्यांचं काही चुकलं नाही, मुहूर्त थांबत नाही. पण मुंबईचा खर्च कोणी विचारला की माझ्या डोळ्यांसमोर ते बंद शटर येतं.


तीन इमली

काका, वहिनींना लवकर बरं वाटो.

मी गेल्या वर्षी भरतीच्या परीक्षेला गेले होते. केंद्र नवी मुंबईत आलं. आता रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होतं), पण मला शहर कळलं दहा दिवस आधी आणि केंद्राचा पत्ता चार दिवस आधी. तोवर सगळं वेटिंग. तत्काळ एसीचं १० ला आणि स्लीपरचं ११ ला उघडतं. मी आणि भाऊ दोन फोन घेऊन बसलो होतो, पैसे भरेपर्यंत सीटा संपल्या. मग बस. एरवी १,४०० ची स्लीपर शनिवारमुळे २,३०० ला पडली.

मुलींनो, बसनं जाणार असाल तर हे आधीच माहीत असू द्या. बसमध्ये शौचालय नसतं. मी दुपारी चारपासून पाणी पिणं बंद केलं होतं. सेंधव्याच्या पुढे एका ढाब्यावर रात्री अकराला बस थांबली. तिथल्या बाथरूमला कडी नव्हती, आम्ही तिघी मुली आळीपाळीनं दाराशी उभ्या राहिलो. पुढचा थांबा थेट पहाटे. तिकिटावर उतरायचं ठिकाण वाशी लिहिलं होतं, ड्रायव्हरनं भिवंडी बायपासला उतरवलं. म्हणाला, वाशीचे प्रवासी कमी आहेत, गाडी तिकडे जाणार नाही. पावणेपाच वाजले होते, अंधार होता. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. आमच्याबरोबर उतरलेलं एक वयस्कर जोडपं ठाण्याला निघालं होतं, त्यांनी आम्हाला सोबत घेतलं. रिक्षाचे पैसे वाटून ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स हार्बरच्या लोकलनं वाशी. केंद्राचं फाटक साडेआठला बंद होणार होतं, मी आठ दहाला पोहोचले. तोंडही धुतलेलं नव्हतं. तशीच पेपरला बसले.

जाऊन-येऊन, खाऊन-पिऊन ६,१०० झाले. एका पेपरचे. त्या वर्षात मी असे तीन पेपर दिले. बाबांनी एकदाही आकडा विचारला नाही, म्हणून मला तो पाठ आहे.


मालवी सून

तीन इमली, वाचताना अंगावर काटा आला. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.


बोरिवलीकर होते, आता विजयनगर

माहेर बोरिवलीचं, म्हणून एवढंच सांगते. अंधेरी, गोरेगाव, मालाडकडे जायचं असेल तर मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊच नका. आपली अवंतिका एक्सप्रेस बोरिवलीला थांबते, तिथेच उतरा. पुढे जाऊन उलटं यायचं म्हणजे तास-सव्वा तास आणि टॅक्सीचे पैसे, दोन्ही गेले. मोठी बॅग असेल तर आठनंतर चर्चगेटकडच्या लोकलमध्ये शिरायचा विचारही करू नका. बोरिवलीला रिक्षा मिळते. मीटरचं पहिलं भाडं २०२५ च्या फेब्रुवारीपासून २६ रुपये आहे. पण माहीम-सायनच्या पुढे शहरात रिक्षा चालत नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी, तिचं पहिलं भाडं ३१. नवीन माणूस दादरला उतरून रिक्षा शोधत राहतो, असं मी कितीदा पाहिलंय.


परळच्या फेऱ्या

ताई, तुमचं बरोबर आहे, पण सोबत आजारी किंवा म्हातारं माणूस असेल तर मी शेवटच्या स्टेशनलाच उतरा म्हणेन. बोरिवलीला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, तेवढ्यात सामान आणि माणूस दोन्ही उतरवायचं म्हणजे जिवाला घोर लागतो.


खंडवा लाइन

माझं वय ७६. रामबागेत जन्म, रामबागेतच आहे. सर्वांनी आजचं लिहिलं, मी थोडं मागचं लिहितो.

आमच्या लहानपणी सुट्टीत मुंबईला जायचं म्हणजे इंदूरहून मीटर गेजची छोटी गाडी. महू, पातालपाणी, कालाकुंड, मग चोरलच्या खोऱ्यातून बडवाह, नर्मदेचा पूल, सनावद आणि खंडवा. नर्मदा आली की आई आम्हाला पुलावरून पैसा टाकायला लावायची. खंडव्याला गाडी बदलायची. ट्रंक, होल्डॉल, पाण्याची सुरई, आणि पुऱ्या-बटाट्याच्या भाजीचा डबा. फलाटावर होल्डॉल पसरून आम्ही झोपायचो, वडील जागे. मग मुंबईची मोठी गाडी यायची. गर्दीत आम्हा पोरांना खिडकीतून आत द्यायचे.

हाल तेव्हाही होते. पण राहायचं कुठे, हा प्रश्न कधी कोणाला पडला नाही. गिरगावात मावशीच्या दीड खोलीत त्यांची आठ माणसं, त्यात आम्ही पाच. गॅलरीत, जिन्याच्या वळणावर, जिथे जागा मिळेल तिथे पथाऱ्या. मावशीनं कधी पत्र लिहून विचारलं नाही की किती दिवस. आता माझा भाचा ठाण्याला आहे, चांगला मुलगा आहे. एक बेडरूमचं घर, दोन मुलं, एकाची बारावी. फोन केला तर म्हणतो, "मामा, या ना." पण पुढे त्याचा आवाज थोडा थांबतो. त्याला मी बोल लावत नाही, खरंच जागा नाही. म्हणून आम्ही लॉजवर उतरतो, आणि मालवी सूनबाईंच्या हिशोबात लॉजचा आकडा सगळ्यात मोठा आहे, तो त्यामुळेच. आमच्या पिढीला मुंबई स्वस्त वाटली, ती मावशीमुळे.

दुसरं, मार्च २०२० पर्यंत ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात सूट होती, मला ४० टक्के आणि हिला ५०. ती बंद झाली. पूर्वी दर वर्षी बहिणीकडे जाऊन यायचो, आता एक वर्षाआड.

मनमाड-इंदूर नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी. धुळे, शिरपूर, सेंधवा या बाजूनं सरळ रेघ होईल, गुजरातचा वळसा वाचेल. या मार्गाची चर्चा ऐकत मी म्हातारा झालो. आता काम होणार म्हणतात, तर त्या गाडीत एकदा खिडकीशी बसायची माझी मनापासून इच्छा आहे.


सुपर कॉरिडॉर

एका दिवसाचं काम असेल तर विमानाचा हिशोब जरूर करून पाहा. मुलीच्या अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी आम्ही दोघं गेलो होतो. महिनाभर आधी तिकिटं काढली, ती माणशी ३,४०० ला एका बाजूची पडली. महाग वाटतं, पण लॉजची रात्र वाचली, मुलगी झोप घेऊन ताजीतवानी गेली. विमानतळावरून वांद्रे-कुर्ला संकुलाला आता भुयारी मेट्रो आहे, तिसरी मार्गिका, दोन्ही टर्मिनलांना स्टेशन आहे. टॅक्सीला आम्हाला पहिल्या खेपेला जिथे पाऊण तास लागला होता, तिथे मेट्रोनं काही मिनिटं.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: मोबाइल आणि बॅग आत नेता येत नाही. नेमक्या वेळी बाहेर बॅग सांभाळायला माणूस हवा. मी त्याचसाठी गेलो होतो आणि अडीच तास रस्त्याच्या कडेला उभा होतो. बसायला जागा नाही, ऊन डोक्यावर. एकटी आलेली नागपूरची एक मुलगी रडकुंडीला आली होती, तिची बॅग आणि फोनही मीच सांभाळला.


देवासहून

पहिल्यांदाच लिहीत आहे. परळच्या फेऱ्या, तुम्हालाच विचारायचं आहे. माझ्या वडिलांना येत्या सोमवारी टाटाला बोलावलं आहे. आई घाबरली आहे, मी एकुलती एक. सवलतीचा फॉर्म इथे मिळतो का तिथे गेल्यावर? राहायचं आधी फोनवर ठरवता येईल का? सोबत काय काय न्यावं?


परळच्या फेऱ्या

ताई, घाबरू नका, एकेक सांगतो.

आम्हाला फॉर्म तिथे नाव नोंदवल्यावर मिळाला, म्हणजे जाताना पूर्ण भाडं गेलं आणि परतीपासून सवलत लागली. इथले सगळे कागद, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, स्कॅनच्या सीडी न्या. स्लाइड हातातल्या पिशवीत ठेवा, सुटकेसमध्ये नको. प्रत्येक कागदाच्या चार-पाच झेरॉक्स इथूनच काढून न्या. वडिलांचं आणि आईचं एक तिकीट करा, तुमचं वेगळं काढा, म्हणजे खालच्या बर्थचा कोटा लागेल. परतीचं तिकीट आत्ता काढू नका, पुढची तारीख ते तिथे देतात. पहिल्या दोन रात्रींसाठी साधी खोली धरून चला आणि पहिल्याच दिवशी धर्मशाळेत नाव लिहा. हाताशी पंधरा हजार तरी असू द्या, तपासण्यांचे वेगळे.

वडिलांना पोहे चालत असतील तर भाजके पोहे आणि आपली सेव डब्यात घ्या. तिथे खाणं मिळतं, पण पहिल्या सकाळी घरची चव पोटात गेली की माणसाला धीर येतो.

आमचीही तारीख त्याच आठवड्यात आहे, मंगळवारी. आम्ही रविवारी रात्रीच्या गाडीनं निघतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून तुमचा डबा कळवा. उज्जैन गेल्यावर मी येऊन भेटतो, आणि सोमवारी सकाळी नोंदणीच्या खिडकीपर्यंत तुमच्याबरोबर येतो.