रंगवलेल्या पट्ट्याने सायकलस्वार सुरक्षित होतो का? (नेरूळ-सीवूड्स)

प्रश्न: सीवूड्सचा रहिवासी

नमस्कार. आमच्या परिसरातील काही गृहनिर्माण सोसायट्या मिळून महापालिकेला निवेदन देणार आहेत आणि त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मुख्य रस्त्यांच्या डाव्या कडेला सायकलींसाठी पट्टा रंगवून मिळावा, ही प्रमुख मागणी आहे. मी रोज मोटार चालवतो आणि माझी नववीतली मुलगी शिकवणीला सायकलने जाते, त्यामुळे चालकांची कुरकुर आणि घरच्यांची धाकधूक या दोन्ही मला ठाऊक आहेत. अशा पट्ट्याने खरोखर फरक पडतो का? आणि पट्टा नसेल तिथे सायकलस्वाराने अगदी कडेने जावे की थोडे आत राहावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: रस्ते अभियंता, बेलापूर

पट्ट्याची मागणी करण्याआधी त्या रस्त्यावर वाहने किती वेगाने जातात ते पाहा, असे मी सुचवेन. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला जवळपास १७ मीटर अंतर कापते. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ३० च्या तुलनेत ६० ला ती चौपट होते आणि ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यासाठी लागणारे अंतरही त्याच हिशेबाने वाढते. पाम बीच मार्गासारख्या रस्त्यावर नुसत्या रंगाने हे गणित बदलत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी पहाटे याच मार्गावर सायकल चालवत असताना टॅक्सीच्या धडकेने मृत्युमुखी पडले. दोन्ही दिशांना तीन-तीन मार्गिका असलेल्या त्या रस्त्यावर जागेची टंचाई मुळीच नव्हती. अशा ठिकाणी कठड्याने किंवा झाडांच्या रांगेने वेगळा केलेला ट्रॅकच मागायला हवा. इंडियन रोड्स काँग्रेसची सायकल ट्रॅकविषयीची मार्गदर्शिका, म्हणजे आयआरसी ११, मुळात १९६२ ची असून २०१५ मध्ये सुधारलेली आहे. निवेदनात तिचा आधार अवश्य द्या.

सेक्टरच्या आतल्या रस्त्यांना मात्र ट्रॅकची गरजच नाही. नेदरलँड्समध्येही साधारणपणे ताशी ३० च्या गल्ल्यांत सायकली आणि मोटारी एकाच रस्त्यावरून जातात आणि ५० च्या रस्त्यांवर त्या वेगळ्या केल्या जातात. आपल्याकडे आतल्या रस्त्यांचे कोपरे इतके गोलाकार आणि ऐसपैस आहेत की चालक वेग न मोडता वळतो. ते कोपरे आवळून घेणे आणि शाळांपाशी पादचाऱ्यांची रस्ता ओलांडण्याची वाट पदपथाच्या उंचीला आणणे, या दोन कामांचा मुलांना रंगापेक्षा कितीतरी अधिक उपयोग होईल.

उत्तर: कोपरखैरणे ते महापे, रोज सायकलने

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. मुलीला अगदी कडेने चालवायला शिकवू नका. डांबर जिथे संपते आणि गटाराची काँक्रीटची पट्टी सुरू होते, तिथे उभी फट असते आणि पुढचे चाक तिच्यात शिरले की हँडल वळवता येत नाही. त्याच ओळीत खचलेली चेंबरची झाकणे असतात, पावसाळ्यात ती पाण्याखाली दिसत नाहीत, आणि जाळीच्या सळ्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असतील तर अरुंद टायर आत अडकतो. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत आणि उभ्या गाड्यांमध्ये शिरून पुन्हा बाहेर न येता चालवावे. सायकलवाले मध्येच येतात ही चालकांची तक्रार पुष्कळदा याच शिरण्या-निघण्यातून येते.

डावीकडे उभ्या मोटारींजवळून जाताना दार उघडले तरी लागणार नाही इतके अंतर ठेवावे. चालकांना एक कळकळीची विनंती आहे: उजवे दार डाव्या हाताने उघडा, म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागून येणारा दिसतो. सायकल ओलांडून लगेच तिच्यासमोरून डावीकडे वळणे हा तर सर्वांत धोकादायक प्रकार आहे. तिथे काही क्षण मागे थांबावे. जर्मनीत २०२० पासून वस्तीच्या भागात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. निवेदनात सकाळी व्यायामाला निघणाऱ्यांइतकेच दूधवाले, इस्त्रीवाले, रखवालदार आणि तुर्भे-रबाळ्याच्या कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार यांचाही विचार झाला पाहिजे. ते संध्याकाळच्या गर्दीत, साध्या सायकलवर आणि बहुधा दिव्याविना ये-जा करतात. तुमचा ट्रॅक त्यांच्या वाटेवर नसेल तर तो कोणाच्या उपयोगाचा?

उत्तर: ठाण्याहून, मोटारचालक

मी घोडबंदर रस्त्याने ये-जा करतो. अवजड वाहनांच्या त्या रांगेत सायकलस्वार दिसला की माझ्याच पोटात गोळा येतो, म्हणून वेगळ्या ट्रॅकला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र उलट दिशेने येणाऱ्या आणि मागे साधा लाल परावर्तकही नसलेल्या सायकलींबद्दलही बोलायला हवे. उलट येणाऱ्याचा आणि माझा वेग एकत्र होतो आणि दोघांनाही विचार करायला वेळ उरत नाही. अर्थात दुभाजकातील पुढची फट फार दूर असेल तर थकलेला माणूस उलटा येणारच, त्यामुळे ओलांडण्याच्या जागाही मागून घ्या.

अंमलबजावणीचा मुद्दाही सोडू नका. वाहन चालविण्याच्या २०१७ च्या केंद्रीय विनियमांनुसार सायकल ट्रॅकवर वाहन उभे करण्यास मनाई आहे, म्हणजे नवा नियम मागण्याची गरज नाही. गाड्या शिरणार नाहीत असे खांब आणि नियमित कारवाई एवढेच मागावे.

सीवूड्सचा रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. पट्ट्याची मागणी मी मसुद्यातून काढत आहे. मुलीचा रस्ता पूर्णपणे सेक्टरच्या आतला आहे, तेव्हा तिथे कोपरे आणि वेग हेच विषय राहतील. स्थानकापर्यंत सायकलने जाणाऱ्यांसाठी आणखी काही मागावे का?

उत्तर: कोपरखैरणे ते महापे, रोज सायकलने

स्थानकाच्या प्रवेशद्वाराजवळ, जिथे दिवसभर माणसांचा वावर आणि रात्री उजेड असतो, अशा जागी जमिनीत रोवलेल्या कमानी मागा. त्यांना सायकलची चौकट आणि चाक दोन्ही साखळीने बांधता येतात. नुसते पुढचे चाक अडकवायच्या स्टँडमधून चाक तिथेच सोडून उरलेली सायकल नेता येते. नवी मुंबईतील स्थानकांबाहेर मोकळी जागा भरपूर आहे आणि एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात.