शब्दचर्चा: अटकळ, कयास की वावडी? (चीनच्या नव्या लढाऊ विमानांच्या निमित्ताने)

रानपाखरू

एका दिवाळी अंकासाठी चीनच्या येऊ घातलेल्या लढाऊ विमानांवर लेख लिहितेय. माहिती बरीच जमली आहे, घोडं अडलंय शब्दांपाशी.

ज्यांनी हा विषय वाचलेला नाही त्यांच्यासाठी: २६ डिसेंबर २०२४ रोजी चेंगडू शहरावरून भरदिवसा एक भलंमोठं, शेपूट नसलेलं, तीन इंजिनांचं विमान उडताना लोकांनी मोबाइलवर टिपलं. सोबत जे-२० या चीनच्या आधीच्या लढाऊ विमानाचा दोन आसनी प्रकार उडत होता. त्याच दिवशी शेनयांगच्या कारखान्याचं दुसरं विमानही दिसलं. ते आकाराने लहान, दोन इंजिनांचं, आणि तेही बिनशेपटीचं. (२६ डिसेंबर हा माओंचा जन्मदिवस. हा योगायोग की मुहूर्त, यावरही लोक तावातावाने बोलले.) चीनने नाव, क्षमता, काहीच जाहीर केलं नाही. त्यामुळे तेव्हापासून जे काही छापून येतंय त्यातलं बहुतेक सगळं तर्कवितर्क या सदरात मोडतं.

आणि तिथेच माझी अडचण आहे. 'तर्कवितर्क' या एका पोत्यात सगळंच भरलं जातं. फोटोवरून काढलेली विमानाची लांबी आणि हे विमान बारा ड्रोन हाकणार ही कुणीतरी ठोकून दिलेली कथा, दोन्ही तर्कवितर्कच? शिवाय 'स्टेल्थ', 'लॉयल विंगमन' (वैमानिकाच्या विमानासोबत उडणारं ड्रोन), 'मॅन्ड-अनमॅन्ड' यांना काय म्हणू? आणि 'सहाव्या पिढीचे' हे बिनधास्त लिहावं का?

बखरवाचक

मराठीत या बाबतीत श्रीमंती आहे, आपण ती वापरत नाही एवढंच. हाताशी असलेले शब्द: अटकळ, कयास, अदमास, तर्क, भाकीत, अफवा, आवई, कंडी, वावडी. हे सगळे समानार्थी नाहीत.

'कयास' अरबीतून आला. मुळात त्यात मोजण्याचा, माहीत असलेल्या गोष्टीशी ताडून पाहण्याचा भाव आहे. तुमच्या उदाहरणात तो चपखल बसतो. शेजारून जे-२० उडत होतं आणि त्याची लांबी साधारण २१ मीटर आहे हे माहीत होतं. त्यावरून नव्या विमानाची लांबी आणि पंखांचा पसारा काढला, तो कयास. अंतर आणि कॅमेऱ्याचा कोन यामुळे तो मीटरभर इकडेतिकडे होईल, पण त्याला पट्टी लावलेली आहे.

'अटकळ' बांधतात. खुणा दिसतात, त्यामागचं कारण दिसत नाही, ते आपण मनाने जुळवतो. तीन इंजिनं आहेत हे डोळ्यांनी दिसलं. तीन का? एवढ्या वजनाला पुरेल असं दोन इंजिनांचं बळ चीनकडे अजून नाही म्हणून, की उंचावरून वेगाने जायचं म्हणून, की रडार आणि इतर यंत्रणांना भरपूर वीज लागते म्हणून? या तिन्ही अटकळी. तिन्ही शहाण्या माणसांनी बांधलेल्या आहेत आणि तिन्ही एकदम खऱ्याही असू शकतात.

विमान अमुक साली हवाई दलात दाखल होईल, हा 'अदमास'. अदमास आकड्याचा असतो. बारा ड्रोनची कथा मात्र 'वावडी'. वावडी म्हणजे मुळात पतंग. उडत्या वस्तूविषयीच्या उडत्या बातमीला याहून चांगला शब्द कुठे मिळणार?

पाऊणशहाणा

काका, मग 'आवई' कुठे वापरायची?

बखरवाचक

गनीम आला, गनीम आला असा ओरडा होतो आणि गाव पळत सुटतं, ती आवई. तिच्यात भीती असते. 'चीनने अमेरिकेला दहा वर्षं मागे टाकलं' या धर्तीचे मथळे त्या आठवड्यात आले होते, त्या आवया. वावडी गमतीखातरही उडवता येते, आवई उठली की लोक घाबरतात.

चिनीमाती

मी मँडरिन शिकते, म्हणून नावांबद्दल थोडं. 'जे' हे अक्षर 'ज्येन' या चिनी शब्दाचं आहे. ज्येन म्हणजे नायनाट करणे. लढाऊ विमानाला चिनीत 'ज्येन-जी-जी' म्हणतात, शब्दशः नायनाट-प्रहार-यंत्र. जे-२० ला तिकडे 'ज्येन-२०' म्हणतात. आपल्याकडे काही ठिकाणी 'जेट-२०' असं छापलं जातं ते चूक. 'जे'चा जेटशी संबंध नाही.

चेंगडूच्या त्या विमानाचं 'जे-३६' हे नाव तर स्वतःच एक कयास आहे. विमानाच्या अंगावर ३६०११ हा आकडा दिसला. चेंगडूच्या जुन्या नमुन्यांचे क्रमांक ज्या पद्धतीने टाकले होते (जे-२० च्या पहिल्या नमुन्यांवर २००१, २०११ असे आकडे होते) त्यावरून लोकांनी ३६ उचलला. म्हणून लेखात पहिल्यांदा उल्लेख येईल तेव्हा 'निरीक्षक ज्याला जे-३६ म्हणतात ते' असं लिही. शेनयांगच्या विमानाच्या बाबतीत तर 'जे-५०' की 'जे-एक्सडीएस' यावरही एकमत नाही.

चिनी नेटकऱ्यांनी पहिल्याला दिलेलं टोपणनाव मला जास्त आवडतं: यिन-शिंगचं पान, म्हणजे गिंको झाडाचं पान. आकार खरंच तसा आहे, आणि गिंको हे चेंगडूचं नगरवृक्ष. लष्करी विषयावर उघड बोलायची चोरी असली की तिकडचे लोक झाडापानांवर बोलू लागतात.

ओझरकर

'स्टेल्थ'ला कृपा करून 'अदृश्य विमान' म्हणू नका. हे 'अदृश्य' विमान अख्ख्या चेंगडूने मान वर करून पाहिलं, फोटो काढले, जगभर पाठवले. अदृश्य कसलं? स्टेल्थ म्हणजे रडारकडे परत जाणारा प्रतिध्वनी कमीत कमी ठेवणं. त्यासाठी आकार, रंगलेप, शस्त्रं पोटात ठेवणं, असे अनेक उपाय असतात. शेपूट काढण्यामागेही तेच कारण. उभं शेपूट बाजूने येणारी रडारलहर आरशासारखी परतवतं. ते काढलं की विमान डावीउजवीकडे डोलायला लागतं, मग पंखांच्या कडेचे फाकणारे पडदे संगणकाच्या भरवशावर सतत हलवत राहावं लागतं. शेनयांगच्या विमानात पंखांची टोकंच फिरतात असं फोटोंत दिसतं.

आमच्या घरातली दोन माणसं ओझरच्या विमान कारखान्यात होती. मिग आणि सुखोईच्या काळात तिथे कुणी मराठी प्रतिशब्द शोधत बसलं नाही. 'स्टेल्थ'ला स्टेल्थच म्हणतील. मीही तेच म्हणेन. फारच मराठी हवं असेल तर 'रडारला चकवणारे' असं सरळ वर्णन करा.

टंकनिका

'रडारचकवे' असा समास होईल की. चकवा लागतो तेव्हा माणूस रानात त्याच त्याच जागी फिरत राहतो. रडारवाल्याची अवस्था तशीच. चिनी शब्द काय आहे?

चिनीमाती

'यिन-शन'. अंग लपवणं. म्हणजे त्यांच्याकडेही अदृश्याच्या जवळचाच शब्द आहे, ओझरकरांची तक्रार पेइचिंगलाही पोचवावी लागेल.

रानपाखरू

'रडारचकवे' घेतला. पहिल्यांदा येईल तिथे 'स्टेल्थ म्हणजे रडारचकवे' असं लिहीन, पुढे नुसतं रडारचकवे. आता 'लॉयल विंगमन'. एका बातमीत 'निष्ठावान साथीदार' वाचलं. साथीदार म्हटलं की मला पोलिसांची बातमी आठवते: आरोपी व त्याचा फरार साथीदार.

पाऊणशहाणा

जोडीदार म्हणा. मग विमानाचं लग्न झालंय असं वाटेल.

टंकनिका

'पाठीराखा' का नको? विंगमन मुख्य वैमानिकाच्या मागे, बाजूला राहून त्याची पाठ सांभाळतो. शब्दाचा अर्थ आणि कामाचं स्वरूप दोन्ही जुळतं.

बखरवाचक

शब्द गोड आहे, पण पाठीराखा हा नेहमी थोरला असतो. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ बहिणीचा पाठीराखा असतो, भक्ताचा पाठीराखा देव. इथे उलट आहे. ड्रोन हा धाकटा, स्वस्त, प्रसंगी गमावला तरी चालेल असा. त्याला पाठीराखा म्हटलं तर नातंच उलटतं.

ओझरकर

कामही उलटं आहे. जुन्या काळचा विंगमन मागे असायचा. आता ज्या कल्पना मांडल्या जातात त्यांत वैमानिक नसलेलं विमान पुढे जातं, आपलं रडार चालू ठेवतं, शत्रूचं लक्ष आणि क्षेपणास्त्र दोन्ही आपल्याकडे ओढून घेतं. वैमानिक असलेलं विमान मागे रडार बंद ठेवून गुपचूप असतं आणि पुढच्याने दाखवलेल्या लक्ष्यावर मारा करतं. अमेरिकेचे वायएफक्यू-४२ए आणि ४४ए, ऑस्ट्रेलियात बनलेलं एमक्यू-२८ घोस्ट बॅट, आपल्या एचएएलचा कॅट्स वॉरियर, सगळ्यांची दिशा थोड्याफार फरकाने हीच. चीनने एफएच-९७ए हे तसलं विमान २०२२ च्या चूहाय विमानप्रदर्शनात मांडलं होतं.

बखरवाचक

मग शब्द आपल्याकडे तयार आहे: बिनी. मराठी फौजेची सर्वांत पुढे चालणारी तुकडी म्हणजे बिनी. तिचं नेतृत्व करणारा तो बिनीवाला. पेशवाईतले विसाजी कृष्ण बिनीवाले यांचं आडनावच त्यावरून पडलं. क्रिकेटच्या बातम्यांमुळे तो शब्द अजून जिवंत आहे, 'बिनीची जोडी' म्हटलं की शाळकरी पोरालाही कळतं. वैमानिक नसलेलं, पुढे घुसणारं विमान म्हणजे 'बिनीचे विमान'.

चिनीमाती

काका, हा शब्द भारी आहे. पण एक अडचण. चिनीत विंगमनला 'ल्याव-जी' म्हणतात आणि मुख्य विमानाला 'चांग-जी'. चांग म्हणजे प्रमुख, ल्याव म्हणजे त्याच्या हाताखालचा अधिकारी. पुढे-मागे हा अर्थ त्यात नाहीच, हुकूम कुणाचा चालतो एवढंच आहे. आणि सगळीच विमानं पुढे जाणारी नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये चिनी हवाई दलाने दाखवलेल्या चित्रफितीत जीजे-११ हे ड्रोन जे-२० आणि जे-१६डी या लढाऊ विमानांच्या जोडीने उडताना दिसलं. जीजे म्हणजे 'गोंग-जी', हल्ला. ते उडत्या पंखासारखं, जमिनीवर मारा करण्यासाठी बनवलेलं. त्याला बिनीचं म्हणायचं की नाही?

बखरवाचक

पुढे जाऊन मारा करणार असेल तर बिनीचंच. जोडीने चाललं असेल तर नाही. सरसकट शिक्का मारू नये हे मान्य.

ओझरकर

मला बिनी पटलं, पण 'लॉयल' हा शब्द गाळाच. यंत्राला इमान कसलं? तो विक्रेत्यांचा शब्द आहे. अमेरिकी हवाई दलसुद्धा आता 'सहयोगी लढाऊ विमान' अशा अर्थाचं कोरडं नाव वापरतं.

रानपाखरू

ठरलं. कामाप्रमाणे 'बिनीचे' किंवा 'सहयोगी'. आता मॅन्ड-अनमॅन्ड. 'मानवरहित' रुळलाय, पण त्याच्या विरुद्ध काय? गगनयानाच्या बातम्यांत 'मानवी मोहीम' लिहितात. 'मानवी लढाऊ विमान' लिहिलं तर माणसाच्या आकाराचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं.

टंकनिका

'वैमानिकासह' आणि 'वैमानिकाविना'. संस्कृत जोडशब्दांची गरजच नाही.

चिनीमाती

चिनीत इतकंच सोपं आहे: 'यौ-रन-जी', माणूस असलेलं यंत्र, आणि 'वू-रन-जी', माणूस नसलेलं यंत्र.

ओझरकर

टंकनिकाताईंना दुजोरा. 'मानवरहित'मुळे वाचकाला वाटतं की माणूस कुठेच नाही. माणूस असतो, जमिनीवर किंवा दुसऱ्या विमानाच्या मागच्या आसनावर. जे-२० चा दोन आसनी प्रकार २०२१ मध्ये दिसला तेव्हा मागचा माणूस ड्रोन हाकणार अशी अटकळ सुरू झाली ती त्यामुळेच. आणखी एक फरक सांभाळा: दुरून हाकलेलं ते 'दूरनियंत्रित', आखून दिलेलं काम आपोआप करणारं 'स्वयंचलित', समोरची परिस्थिती पाहून स्वतः निर्णय घेणारं 'स्वायत्त'. ३ सप्टेंबर २०२५ च्या पेइचिंगच्या संचलनात वैमानिकाविना हवाई लढाई करणारी विमानं म्हणून जी मिरवली ती ट्रकवर होती. त्यांतलं कुठलं खरोखर स्वायत्त आहे ते ट्रकवरून दिसत नाही. तिथे 'स्वायत्त' लिहू नका.

रानपाखरू

हे महत्त्वाचं. आणि 'सहाव्या पिढीचे'?

चिनीमाती

इथे खरी गंमत आहे. चीनमध्ये पूर्वी पिढ्या वेगळ्या मोजत. जे-५, जे-६ पहिली पिढी, जे-७, जे-८ दुसरी, जे-१० तिसरी, आणि जे-२० चौथी. जुने चिनी लेख वाचशील तर जे-२० ला 'चौथ्या पिढीचे' म्हटलेलं सापडेल, आणि मराठीत उतरवणारा दचकेल. बाहेरच्या जगाने त्यालाच पाचवी म्हटलं. पुढे चिनी लोकही बाहेरच्या मोजणीवर आले, आता सर्रास 'ल्यौ-ताय-जी', सहाव्या पिढीचं यंत्र, असं म्हणतात. जुनी मोजणी टिकली असती तर हेच विमान पाचव्या पिढीचं ठरलं असतं.

बखरवाचक

पिढी ही माणसाची असते, बापाकडून लेकाकडे जाणारी. विमानांत तिची व्याख्या बनवणारेच विमान विकतात. सहाव्या पिढीत काय काय असलं पाहिजे याची सर्वमान्य यादी नाही. अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये एफ-४७ जाहीर केलं तेही सहाव्या पिढीचं म्हणूनच. मी लेखात 'पुढच्या पिढीचे' असं लिहीन. त्यात आकडा नाही, म्हणून वादही नाही.

पाऊणशहाणा

आणि शेपटीचा वाद? 'पुच्छविरहित' की 'बिनशेपटीचे'?

टंकनिका

बिनशेपटीचे. 'पुच्छविरहित' वाचून हनुमान रुसेल.

रानपाखरू

एक परिच्छेद टाकतेय, चुका काढा:

'निरीक्षक ज्याला जे-३६ म्हणतात ते बिनशेपटीचे, रडारचकवे विमान जे-२० पेक्षा मोठे असावे असा कयास आहे. त्याचे काम शत्रूची विमाने पाडण्याचे की दूरवर मारा करण्याचे, याबद्दल दोन अटकळी आहेत. ते वैमानिकाविना उडणाऱ्या बिनीच्या विमानांना हुकूम देईल, असेही बोलले जाते. सोबतचा ड्रोन कोणता असेल हे चीनने सांगितलेले नाही.'

ओझरकर

'लढाऊ विमान' हा शब्द एकदा तरी येऊ द्या. मराठीत लढाऊ म्हटलं की विमानं पाडणारं आणि बॉम्ब टाकणारं दोन्ही खपतात, आणि इथे नेमकं कोणतं ते ठाऊक नसल्याने हा ढिसाळपणा सोयीचा आहे. बाकी उत्तम.

टंकनिका

'सोबतचा ड्रोन' नको, 'सोबतचे ड्रोन'. विमान नपुंसकलिंगी, मग ड्रोनही तसंच ठेवा. आणि अंक कोणता ते कळवा, मुद्रितशोधन मीच करत असेन कदाचित.