जिताड्याच्या जोडीला काय? खान्देशातले अनुभव

खान्देशात मासा म्हटला की राहू, कटला, मरळ, वाम. नदीतला नाहीतर धरणातला. आता बर्फाच्या पेट्यांतून जिताडाही आपल्याकडे येऊ लागलाय. हॉटेलच्या मेनूकार्डावर तो 'सी बास' म्हणून दिसतो. बंगालची भेटकी आणि ऑस्ट्रेलियाची बारामुंडी म्हणजे हाच. अंडी खाडीच्या तोंडाशी घालतो, पण गोड्या पाण्यातही वाढतो. मांस पांढरंशुभ्र, जाड पापुद्र्यांचं, काटे कमी, चव सौम्य आणि किंचित गोडसर.

पेच इथेच आहे. आपला हात तिखटाचा आणि काळ्या मसाल्याचा, आणि या माशाला फार आरडाओरडा सोसत नाही. मग मसाला कोणता, आंबट कोणतं, ताटात शेजारी काय आणि प्यायला काय? ज्यांनी घरी करून पाहिलंय त्यांनी तपशिलासकट लिहा. नुसतं 'मस्त लागतो' नको.

धुळेकर

आमच्याकडे याचा निकाल आजीने लावला. पहिल्यांदा घरी जिताडा आला तेव्हा ती म्हणाली, "याले काया मसाला लावशी ते मसालाच खाशी, मासा नही." पण रश्श्याशिवाय आमच्या घरात कुणाचं जेवण होत नाही. मग तिनेच माशाचे दोन भाग केले.

डोकं, शेपटीकडचा भाग आणि मधला काटा रश्श्याला. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजायचं, लसूण-आलं, खडा मसाला, शेंगदाण्याचं तेल, वर लाल तर्री. डोक्यात चिकट, ओशट भाग भरपूर असतो. तो रश्श्यात उतरतो आणि काळ्या मसाल्याला अंग देतो. त्या रश्श्यात आम्ही चिंच टाकतो, लिंबू नाही. भाजलेल्या खोबऱ्यापुढे लिंबू टिकत नाही, चिंच टिकते.

मधल्या जाड तुकड्यांना मात्र हळद, मीठ, वाटलेला लसूण आणि लिंबू एवढंच. तव्यावर कातडीची बाजू आधी खाली. ती कुरकुरीत होऊन आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. एका ताटात रस्सा आणि कळण्याची भाकरी, शेजारी साधा तळलेला तुकडा. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. तिखट आणि सौम्य आपापल्या जागी राहतं. मला विचाराल तर जिताडा खाण्याची खान्देशी रीत हीच.

रेल्वे कॉलनी, भुसावळ

धुळेकर दादांचं तुकड्यांबद्दलचं म्हणणं पटलं, पण मी तळत नाही. रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी बंगाली काकू होत्या. त्यांच्याकडून पातुरी, म्हणजे केळीच्या पानात बांधून शिजवलेला मासा, शिकले. आणि पातुरीला लागणारं केळीचं पान आपल्या रावेर-यावलइतकं ताजं कुठे मिळणार?

मोहरी कोमट पाण्यात भिजवायची. वाटताना त्यातच मीठ आणि हिरवी मिरची घालायची, म्हणजे कडूपणा येत नाही. ओलं खोबरं, हळद, मोहरीचं कच्चं तेल. हे बिनकातड्याच्या तुकड्यांना लावून अर्धा तास ठेवायचं.

पान गॅसच्या आचेवरून हळूहळू फिरवायचं. आच लागेल तसा त्याचा फिकट, दुधी हिरवा रंग पालटून गडद, चकचकीत होत जातो आणि ताठ पान हातात लवतं. तेवढंच करायचं. जास्त आच लागली की कडा वाळतात आणि घडी घालताना पान फाटतं. मधला जाड दांडा आधीच काढून टाकायचा. पुडी दोऱ्याने बांधून तव्यावर, वर झाकण, मंद आच. एकेक बाजू सात-आठ मिनिटं. पान बाहेरून करपलं पाहिजे. त्या करपलेल्या पानाचा वास आत माशाला लागतो आणि मासा स्वतःच्या वाफेत शिजतो, कोरडा पडत नाही.

याच्यासोबत भाकरी नाही, भातच. साधा, गरम. रस्साही नको.

नवापूर

आमच्याकडे बाजूलाच गुजरात, त्यामुळे पारशी पद्धतीची पात्रानी मच्छी ओळखीची आहे. मोहरीऐवजी कोथिंबीर, पुदिना, ओलं खोबरं, हिरवी मिरची, लिंबू आणि चिमूटभर साखर. थंडीत हिरवा लसूण बाजारात असतो तेव्हा पातीसकट वाटून घालते. कोरड्या लसणापेक्षा तो जिताड्याला जास्त शोभतो, कारण वास आहे पण झोंबणं नाही.

नंदुरबारची लाल मिरची मी माशाला लावत नाही. ठेचा करून ताटात बाजूला.

चाळीसगावचा, सध्या नाशिक

मी वाईनच्या धंद्यात आहे, म्हणून पेयांवर सविस्तर लिहितो. घेणाऱ्यांसाठीच.

लिंबू-लसूण लावून परतलेल्या तुकड्यासोबत सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाईन. नाशिककडे तिची द्राक्षं चांगली रुजली आहेत. तिचा आंबटपणा आणि हिरवट वास लिंबाचंच काम पुढे नेतो. हिरव्या चटणीच्या पुडीलाही तीच. मिरची जास्त असेल तर शेनिन ब्लाँ ही दुसरी पांढरी वाईन, त्यातही किंचित गोडीची. मद्यार्क जितका जास्त तितकी मिरची तोंडात जास्त जळते, म्हणून तिखट जेवणासोबत कडक काही घेऊ नका. व्हिस्कीसोबत तिखट मासा ही आपल्याकडची आवडती जोडी, पण जिताड्याची गोडसर चव तिथे पार हरवते.

मोहरीच्या पातुरीसोबत बुडबुड्यांची स्पार्कलिंग वाईन घेऊन पाहा. मोहरीचा झणका ती धुऊन काढते. रवा लावून तळलेल्या माशालाही तीच चालते, तेलकटपणा जिभेवर उरत नाही.

रेड टाळा. रेड वाईनमधलं लोह माशाच्या तेलाशी भेटलं की धातूसारखी, शिळ्या मासळीसारखी चव येते. मासा ताजा असला तरी येते. लोक मासेवाल्याला बोल लावतात.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या आसपास जातो. बाटली टेबलावर ठेवली की जेवण होईपर्यंत कोमट. बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला. नुसत्या बर्फात बाटली उशिरा गार होते.

माळकरी सासर, मांसाहारी माहेर (अमळनेर)

न घेणाऱ्यांचंही ऐका! पहिला मान सोलकढीचा. आमसुलं कोकणातूनच यावी लागतात, पण वर्षभर टिकतात. आमसुलाचा आंबटपणा मासा पचवायला आणि नारळाचं दूध तिखट शमवायला. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, म्हणून गार पाण्याने जळजळ जात नाही आणि सोलकढीने जाते.

कैरीचं पन्हं मी माशासोबत देत नाही. गुळाच्या गोडीपुढे मासा मचूळ लागतो. बिनसाखरेचं लिंबूपाणी, त्यात सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, हे उत्तम. ताक आमच्या घरी माशासोबत चालत नाही, आयुर्वेदातला विरुद्धाहार म्हणून. बंगालमध्ये दह्यातला मासा आवडीने खातात हे ठाऊक आहे. ज्याने त्याने आपल्या घराची रीत पाळावी.

परतलेला, शिरपूर

परदेशात काही वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये होतो. तिथला युरोपी सी बास हा वेगळा मासा, जिताड्यापेक्षा लहान. तो अख्खा भाजतात, पोटात बडीशेपेच्या झाडाचा बुंध्याशी येणारा कांदा, लिंबाच्या चकत्या, वर ऑलिव्ह तेल. इथे तो कांदा मिळत नाही, पण ताजा शेपू मिळतो. अख्ख्या जिताड्याच्या पोटात शेपूची जुडी, लिंबू आणि थोडी ठेचलेली बडीशेप भरून भाजला. ज्यांना शेपूची भाजी नको असते त्यांनीही मागून घेतला.

महागड्या हॉटेलांत 'चिलियन सी बास' दिसला तर तो या दोन्हींपैकी नाही. तो दक्षिणेकडच्या थंड समुद्रातला टूथफिश. १९७७ मध्ये एका अमेरिकी व्यापाऱ्याने विक्रीसाठी त्याला हे नाव दिलं. तो फार चरबीयुक्त असतो, त्याचे नियम जिताड्याला लावू नका.

यावल

भरिताचं कुणी कसं लिहिलं नाही? हिवाळ्यात बामणोदकडची हिरवी वांगी, काड्यांच्या जाळावर भाजलेली, हिरव्या मिरचीचं भरीत, कांद्याची पात, शेंगदाणे. शेजारी साधा तळलेला जिताडा. आमच्याकडे पाहुण्यांना हेच ताट.

रेल्वे कॉलनी, भुसावळ

यावलकर ताई, भरिताच्या धुरकट वासापुढे मासा मागे पडतो असं मला वाटतं. भरिताला त्याचं वेगळं जेवण द्यावं.

यावल

ताई, एकदा या जेवायला. मासा आधी खायचा, भरीत नंतर.

मासे विकणारा, जळगाव

वरचं सगळं मासा चांगला असेल तरच. आपल्याकडे तो प्रवास करून येतो, तेव्हा कल्ले उघडून बघाच. लालसर हवेत, तपकिरी नकोत. बोटाने दाबल्यावर खड्डा भरून आला पाहिजे. गोठवलेला असेल तर रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सोडवा, गरम पाण्यात टाकू नका, पापुद्रे फुटतात. थोडा वास असेल तर लिंबू किंवा चिंचेचं पाणी लावा, आंबटाने तो वास बसतो. पण लिंबात पंधरा-वीस मिनिटांच्या वर ठेवू नका. मांस आंबटानेच पांढरं पडतं आणि तव्यावर भुसभुशीत होतं.

आणि धुळेकर दादांसारखा रस्सा करायचा असेल तर कापायच्या आधी सांगा. बरेच गिऱ्हाईक डोकं नको म्हणतात, ते आम्ही दुसऱ्याला देऊन टाकतो.