मदत हवी आहे: डॉक्टर स्मिथमुळे मुलगा पुढचा भाग लावूच देत नाही

मृण्मयी_क
आम्ही रोज रात्री जेवणे झाली की सगळे मिळून अंतराळात अडकलेल्या कुटुंबावरच्या ‘लॉस्ट इन स्पेस’ या मालिकेचा एक भाग बघतो. डॉक्टर स्मिथ हे पात्र समोर आले की माझा मुलगा तोंडावर उशी धरतो आणि परवा तर तो रडत उठून गेला. शनिवारी त्याची मामेभावंडे राहायला येणार आहेत व त्यांना ही मालिका पुढे बघायची आहे. हे पात्र नंतर सुधारते की नाही, एवढेच कोणीतरी स्पष्ट सांगावे, म्हणजे मला त्याची समजूत घालता येईल. कृपया लवकर उत्तर द्या.

शरद_न्यूजर्सी
अजिबात काळजी करू नका. मी अमेरिकेत आलो तेव्हा ही मालिका पुनःप्रक्षेपणात लागत असे. पहिल्या, कृष्णधवल सीझनमध्ये स्मिथ खरोखर घातकी आहे. परंतु ती भूमिका करणाऱ्या जोनाथन हॅरिस यांनी त्याला हळूहळू इतका भित्रा, आळशी आणि बोलघेवडा करून टाकला की आमच्या शेजारची मुले त्याचीच वाट बघत बसत. रंगीत भागांपासून सुरुवात करा.

रेवती
शरदकाका, तुम्ही १९६५ सालच्या मालिकेबद्दल सांगत आहात. २०१८ च्या मालिकेत स्मिथ ही पार्कर पोझीने साकारलेली बाई आहे आणि तिच्यात हसण्यासारखे फारसे काही नाही. मृण्मयीताई, तुम्ही कोणती मालिका बघता, मुलाचे वय काय आणि तो कितव्या भागात उठला, हे सांगितल्याशिवाय उत्तर कसे देणार?

मृण्मयी_क
२०१८ चीच. वेगळे सांगायला हवे असे वाटले नाही. तो नऊ वर्षांचा आहे. पहिल्या सीझनचा सहावा भाग होता.

प्रसाद_नाशिक
माझ्या मते मूळ चूक रात्रीच्या वेळेची आहे. आम्ही निजण्याआधी तासभर टीव्ही बंद ठेवतो आणि मुले शांत झोपतात.

शरद_न्यूजर्सी
मुलांसोबत बघायच्या मालिकेतला खलनायक शेवटी हसण्यासारखाच असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. नव्या मंडळींनी विनाकारण पात्र बदलले.

गंधार
मला हे पटत नाही. ही बाई ज्याचे जॅकेट चोरून त्याच्या नावाने वावरते, तो खरा डॉक्टर स्मिथ बिल मूमीने केला आहे आणि जुन्या मालिकेतला विल, म्हणजे त्या कुटुंबातला लहान मुलगाही तोच होता, म्हणजे नव्यांनी जुन्यांचा मान राखलाच आहे. माझ्या मुलीला ही स्मिथ भयंकर वाटली, कारण ती समोरच्याचे शांतपणे ऐकून घेते, त्याला कशाची भीती वाटते हे ओळखते आणि मग नेमके तिथेच बोट ठेवते. अशी माणसे असतात, हे मुलांना कळायला हवे.

रेवती
वेळ आणि जुने-नवे बाजूला ठेवू. सहाव्या भागात विल त्याचा मित्र झालेल्या रोबॉटला कड्यावर नेतो आणि पुढे चालत जायला सांगतो. ताई, मुलगा स्मिथला बघून उठला की त्या प्रसंगाला? त्यालाच विचारा.

मृण्मयी_क
आत्ता अंथरुणात विचारले. तो कड्याचाच प्रसंग होता. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, “तो विलचं ऐकायचा म्हणूनच पडला ना.” बराच वेळ तेवढेच बोलत राहिला. मी इतके दिवस स्मिथलाच दोष देत होते.

रेवती
मग स्मिथ सुधारते की नाही, याचा त्याला उपयोग नाही. ती कधी मदत करते, कधी दगा देते. सगळे लोक रोबॉटला घाबरल्यावर तो निर्णय विलसारख्या लहान मुलावर येऊन पडला, ही त्याला लागलेली गोष्ट आहे. रोबॉट परत येतो आणि पहिल्या सीझनच्या शेवटी पुन्हा विलच्या बाजूने उभा राहतो, हे त्याला आधीच सांगून टाका, रहस्य राखू नका. मात्र त्याचे तुकडे स्मिथच जोडते, हेही सांगा, नाहीतर तिथे तो पुन्हा उठेल.

मृण्मयी_क
सांगितले. तो उठून बसला आणि “म्हणजे तो कुठे पडला ते तिला माहीत होतं?” असे विचारू लागला. भावंडे यायच्या आधी, शुक्रवारी दुपारी, सातवा भाग फक्त माझ्यासोबत बघायला तयार झाला आहे. त्या भागाच्या सुरुवातीला कड्याचा प्रसंग पुन्हा दाखवतात का, म्हणजे तेवढा मी पुढे ढकलेन?