पैसा असून कूलरच? लोकांच्या टोमण्यांचं काय करायचं?

उन्हाळी_नागपूरकर:
नवरा-बायको दोघांचा पगार, घरावर कर्ज नाही, तरी आमच्याकडे एसी नाही. मार्च संपता संपता कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावतो, टिल्लू पंप तपासतो, झाली उन्हाळ्याची तयारी. मिहानला कामावर जाताना गाडी काढत नाही. खापरीपर्यंत मेट्रो, पुढे शेअर ऑटो. परवा एका साक्षगंधात मेहुण्याने भर पंगतीत विचारलं, ‘भाऊजी, सगळं वर बांधून नेणार का?’ लोक हसले, बायकोचा चेहरा उतरला. मला वाटतं अशा वेळी गप्प बसू नये, आकडे सांगावेत. कूलर पाच तासांत जेवढी वीज घेतो तेवढी दीड टनाचा एसी तासाभरात खातो, आणि १०० युनिटच्या वर दर चढतो. तुम्ही काय उत्तर देता?

इतवारीचा_पोट्टा:
काऊन एवढं मनावर घेता जी? आपल्या इकडे हवा कोरडी, म्हणून ४५ डिग्रीतही कूलर काम करते. मुंबईत लावून दाखवा म्हणा. मेहुण्याले विचारा, तुह्या गाडीचे हप्ते किती राहिले बे?

गोकुळपेठवाली:
म्हणजे भांडणच. आणि लोक उगाच बोलत नाहीत हो. आमच्या एका नातेवाइकांकडे मे महिन्यात मुक्कामाला होतो. रात्री बाराला उठून त्यांनी कूलर बंद केला, ‘आता गारच आहे’ म्हणून. लेकरू रात्रभर किरकिर करत होतं. याला काटकसर म्हणायचं? बचत त्यांची, घाम आमचा! शिवाय पहिला पाऊस पडला की कूलर नुसती चिकचिक देतो, तेव्हा तुमचे पाहुणे काय करतात?

उन्हाळी_नागपूरकर:
पावसाळ्यात कूलर कुचकामी, मान्य. पण पाहुणे असताना तो कधी बंद केला नाही. आल्यागेल्याला सावजी खाऊ घालतो, आहेरात हात आखडत नाही. मग माझ्या मेट्रोचं कोणाला काय?

पैपै_जपणारी:
वहिनींना विचारलंत का? त्यांचा चेहरा उतरला एवढंच लिहिलंत, त्यांचं म्हणणं कुठेच नाही. मीही चिक्कूच म्हणवते. वर्षाचे १.५ लाख आधी पीपीएफमध्ये, मग साड्या. पण ते आम्ही दोघांनी बसून ठरवलंय, म्हणून नणंद काही बोलली तर नवराच हसून परतवतो. तुमचा मेहुणा बोलतो म्हणजे बहिणीने त्याच्याजवळ मन मोकळं केलं असणार.

उन्हाळी_नागपूरकर:
विचारलं. म्हणाली, कूलर चालेल, एसीने माझं डोकं दुखतं. पण भरजरी साडी नेसून लग्नाकार्याला शेअर ऑटोत कोंबून घेणार नाही.

गोकुळपेठवाली:
घ्या! त्या दिवशी तुम्ही तसेच गेला होतात ना? अशा दिवशी सरळ टॅक्सी करायची.

इतवारीचा_पोट्टा:
हाओ, आज टॅक्सी, उद्या एसी, परवा कार. मंग बसा हप्ते मोजत.