उंचीआधी वाटा मोजा
गोदामात जागा पुरत नसेल तर दुसरं गोदाम भाड्याने घेण्याआधी माल ठेवायच्या रॅकची उंची वाढवा, असं मत मांडलं जातं आणि ते पटतं. पण त्यात रॅकमधल्या वाटांचा हिशोब धरलेला नसतो, आणि जागा खरी तिथेच जाते. नेहमीच्या काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टला (पुढे माल आणि मागे तोलासाठी वजन असलेली माल उचलायची गाडी) पॅलेट (माल रचायचा सपाट पाट) घेऊन काटकोनात वळायला साधारण साडेतीन ते चार मीटर रुंद वाट लागते. 1200 × 1000 मिमीचं पॅलेट लांबीने आत ठेवलं, तर दोन्ही बाजूंच्या रॅकची खोली मिळून जेमतेम अडीच मीटर भरते. म्हणजे मालापेक्षा वाटच मोठी! रीच ट्रक (काटे पुढे सरकवून माल उचलणारी, कमी जागेत वळणारी गाडी) हेच काम पावणेतीन-तीन मीटरमध्ये करतो, त्यामुळे त्याच गोदामात रॅकची एखादी जास्तीची रांग बसू शकते. मात्र त्याची चाकं लहान असतात. कोबा उखडलेला असेल तर आधी जमीन नीट करून घ्या, नाहीतर उंचावरचा माल डुगडुगतो आणि खाली माणसं असतात. छताला स्प्रिंकलर (आग विझवणारे पाण्याचे फवारे) असतील तर त्यांच्याखाली पुरेशी जागा मोकळी सोडाच.

जागा करण्यासाठी ऑफिसातल्या जुन्या फायली पोटमाळ्यावर टाका, अशीही सूचना केली जाते; ती मला धोक्याची वाटते. कागद फार जड असतो, पोटमाळा किती वजन पेलतो हे इंजिनियरला विचारल्याशिवाय एकही गठ्ठा चढवू नका. शिवाय कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. त्याहून जुनं काय आहे, कुठल्या प्रकरणाची सुनावणी बाकी आहे, हे सीएकडून तपासून घेतलंत तर बरीचशी कपाटं तिथेच रिकामी होतील.