पॉइंट टाइप करायचा की क्लिक? (ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, धुऱ्याच्या म्हणजे शेताच्या हद्दीच्या नकाशांपुरतं)

दारव्ह्याचा ड्राफ्ट्समन
काल इथे एकाने लिहिलं, "ऑटोकॅडमध्ये कोऑर्डिनेट (बिंदूचे एक्स-वाय आकडे) टाइप करणं हे जुन्या लोकांचं खूळ. ओस्नॅप लावा, क्लिक करा, मोकळे व्हा." तेव्हापासून डोकं फिरलंय. अहो, ओस्नॅप म्हणजे काढलेल्या वस्तूचं टोक, मध्य आपोआप पकडणं; त्याला पकडायला आधी काही काढलेलं लागतं! कोऱ्या स्क्रीनवर धुऱ्याचा पहिला दगड कशाला पकडून बसवणार? झूम आउट करून केलेला क्लिक अर्धा मीटर सहज सरकतो, आणि आमच्याकडे तेवढ्यावरून भाऊभाऊ तारखा करतात. ३० बाय ३० चं शेततळं असेल तर रेक्टँगल, पहिला कोपरा, @३०,३० (@ म्हणजे मागच्या पॉइंटपासून). धुरा तिरपा असेल तर आधी लांबी, मग कोन: @४२.५<६०. यात अवघड काय?

क्लिकवाला (मूळ पोस्ट माझीच)
अवघड काय ते क्लास चालवून बघा. डायनॅमिक इनपुट (कर्सरपाशीच आकडे घ्यायची सोय) चालू असतं. पोरगं पहिला पॉइंट १००,५० देतं, दुसरा १००,८०. रेघ सरळ वर जायची, ती पोचते २००,१३० ला, कारण दुसरा आकडा आपोआप रिलेटिव्ह, म्हणजे पहिल्या पॉइंटपासूनचा, धरला जातो. पोरगं हबकतं आणि परत कमांडला हात लावत नाही. त्यापेक्षा एफ८ दाबून (रेघ आडवी-उभीच राहते) दिशा दाखवा, लांबी टाका.

दारव्ह्याचा ड्राफ्ट्समन
मग आकड्याआधी # लावायला शिकवा, म्हणजे तो रिलेटिव्ह धरला जात नाही, नाहीतर एफ१२ ने डायनॅमिक इनपुट बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे. फी भरून पोरं येतात आणि रिबनवरची चित्रं ओळखून परत जातात, याचाच संताप आहे. आणि एफ८ ने सरळ रेघा येतील. आपल्याकडचा कोणता धुरा काटकोनात आहे?

मोजणीवाला, यवतमाळ
तुम्ही क्लिकवर भांडा. खरा घोळ कॉमाच्या आधी कोण आणि नंतर कोण, यात होतो. रोव्हरच्या (उपग्रहावरून मोजणाऱ्या यंत्राच्या) फाइलीत बऱ्याचदा नॉर्दिंग (उत्तरेकडचा आकडा) आधी असतं, कॅडला एक्स म्हणून ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) आधी लागतं. उलटं टाकलं की उत्तरेचा नाला पूर्वेला जातो. क्षेत्रफळ मात्र तेवढंच राहतं, सातबाऱ्याशी आर न् आर जुळतं, म्हणून कुणी संशयच घेत नाही. असा सही झालेला नकाशा मी हातात धरलाय. कोनाचंही तेच. कॅड पूर्वेपासून घड्याळाच्या उलट्या दिशेने मोजतं, बेअरिंग (मोजणीतला दिशेचा कोन) उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने. बेअरिंग ३० असेल तर कॅडमध्ये ६० टाकावं लागतं.

वर्धेकर
आणि यूटीएम झोन, म्हणजे नकाशासाठी पाडलेले रेखांशांचे पट्टे? प्रत्येकाचे आकडे वेगळे, आणि दोन झोनमधली ७८ अंशाची रेघ तुमच्याच जिल्ह्यातून जाते. दारव्हा ४३ मध्ये, यवतमाळ शहर ४४ मध्ये. त्या रेघेवरच्या एकाच दगडाचं ईस्टिंग एका झोनमध्ये आठ लाखांवर, दुसऱ्यात दोन लाखांच्या आत. दोन फाइली एकत्र केल्या की अर्धं गाव सहाशे किलोमीटरवर!

मोजणीवाला, यवतमाळ
सहाशे किलोमीटरची चूक आंधळ्यालाही दिसते. मीटरभराची दिसत नाही, तिच्याबद्दल बोला.

वर्धेकर
दिसते म्हणता, मग सुधारत का नाही कुणी? एका कार्यालयातून मला अशीच फाइल आली. सांगितलं तर म्हणाले, "तुम्हीच सरकवून घ्या." नकाशा हाताने सरकवायचा?

एक शेतकरी
राजेहो, तुमचा झोन तुमच्यापाशी ठेवा. माया क प्रतीवर (मोजनीच्या सरकारी नकाशावर) धुरा विहिरीतून गेला हाये. विहीर माया बापानं खांदली. कोनं क्लिक केलं न कोनं टाइप केलं, मले काय मालूम? फी त म्या भरली न!

दारव्ह्याचा ड्राफ्ट्समन
काका, आधी हे तपासा. हाताने टाइप केलेल्या आकड्यापुढे ओस्नॅप मागे हटतो. पण पॉइंटांची यादी स्क्रिप्टने (कमांडांच्या तयार फाइलीने) चढवली तर मूळ सेटिंगमध्ये ओस्नॅप पॉइंटला जवळच्या वस्तूवर ओढतो. विहिरीचा गोल आधी काढलेला असेल तर दगड तिथेच चिकटला असेल. ओस्नॅपकोऑर्ड हे सेटिंग १ करायचं, नाहीतर एफ३ ने ओस्नॅप बंद.

क्लिकवाला
म्हणजे टाइपवालेही चुकतातच. ठीक आहे, धुऱ्याचे दगड टाइप करा, तेवढं मान्य. झाडं आणि पांदण मी क्लिकच करणार.

एक शेतकरी
रोव्हरची फाइल मागतली होती. देत नाहीत. आता अर्ज कोनाच्या नावानं करू, तेवढं सांगा.